तीस गुंठ्यांचा हिशेब : हक्कसोडपत्रे लिहिणाऱ्या वकील आणि दस्तलेखकांना खुले पत्र

सन्माननीय वकील आणि दस्तलेखक बंधुभगिनींनो,

स. न. वि. वि.

तालुक्याच्या ठिकाणी मी गेली सव्वीस वर्षे दिवाणी आणि महसुली कामे करते. या काळात किती हक्कसोडपत्रांचे मसुदे माझ्या हातून गेले याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण त्या मसुद्यांतले एक वाक्य मला झोपेतून उठवले तरी म्हणता येईल, आणि तुम्हालाही येईल : ‘लिहून देणार यांच्या विवाहात लिहून घेणार यांनी योग्य तो खर्च केलेला असून त्यांचा हिस्सा त्यांना त्या रूपाने पोहोचलेला आहे, सबब त्या आपले सर्व हक्क, हितसंबंध विनामोबदला, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय सोडून देत आहेत.’ हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास दोन भाऊ आपल्या बहिणीला घेऊन आले होते. जमीन नऊ एकर. आई लहानपणीच गेलेली, वडील 1990 मध्ये वारले, आणि बहिणीचे लग्न त्यानंतर दोन वर्षांनी भावांनी लावून दिले. आता भावांना आपापसात वाटप करून कर्ज काढायचे होते आणि बँकेने बहिणीची सही मागितली होती. दस्त मी लिहिला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा घेताना यंत्राने तीनदा नकार दिला, कारण आयुष्यभर खुरपे धरून त्या बाईंच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. दर वेळी त्या अंगठा पदराला पुसत आणि पुन्हा काचेवर ठेवत. चौथ्यांदा ठसा उमटला. काखेतल्या पिशवीत भावांनी घेतलेली नवी साडी होती, दुकानाच्या कागदासकट. बाहेर पडताना त्यांनी मला विचारले, “बाई, शास्त्रात आमाला कधी काय नव्हतंच ना?” मी म्हणाले, कायद्यात आहे. त्या म्हणाल्या, “कायद्याचं राहू द्या, शास्त्रात?” मला उत्तर देता आले नाही. थोरल्या भावाने माझ्या वतीने दिले, “नव्हतंच.”

ते उत्तर चुकीचे होते, आणि ते चुकीचे असल्याचे मला त्या क्षणी सांगता आले नाही याची मला लाज वाटते.

ज्या शास्त्राच्या नावाने आपल्याकडे शेकडो वर्षे जमिनीच्या वाटण्या झाल्या, ते म्हणजे मुख्यतः याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची मिताक्षरा ही टीका, म्हणजे तिचे विवरण करणारा ग्रंथ. मिताक्षरा कुठे दूरदेशी लिहिली गेली नाही. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य 1076 ते 1126 या काळात कल्याणीहून राज्य करत होता, त्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने ती लिहिली. ती कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या अगदी शेजारचे. ग्रंथ संपवताना विज्ञानेश्वर म्हणतो की कल्याणासारखे नगर पृथ्वीवर झाले नाही, आज नाही आणि पुढे होणार नाही. नगर मागे पडले, पण तिथे लिहिलेला वाटणीचा विचार बंगालसारखे प्रदेश वगळता देशातल्या बहुतेक हिंदू कुटुंबांच्या मिळकतीवर लागू झाला.

त्या विचाराचा गाभा एका श्लोकात आहे : ‘भूर्या पितामहोपात्ता निबन्धो द्रव्यमेव वा । तत्र स्यात्सदृशं स्वाम्यं पितुः पुत्रस्य चैव हि ॥’ आजोबांनी मिळवलेल्या जमिनीत बापाची आणि मुलाची मालकी सारखीच, असा याचा अर्थ. यावरून विज्ञानेश्वराने सांगितले की मालकी बाप मेल्यावर येत नाही, ती जन्मानेच येते. वडिलोपार्जित जमीन बापाला एकट्याच्या मर्जीने विकता येत नाही, हे आपल्या गावातला न शिकलेला माणूससुद्धा ठामपणे सांगतो, तेव्हा तो नकळत हाच श्लोक म्हणत असतो. सातबारा उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावामागे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे आपण हजारदा वाचली आहेत. एकत्र कुटुंब मॅनेजर, हे त्या जुन्या कुटुंबप्रमुखाला महसुली दप्तराने दिलेले नाव. प्राप्तिकराच्या विवरणपत्रातले हिंदू अविभक्त कुटुंबही त्याच मुळाचे. एखाद्या लिखित संहितेचा प्रभाव किती खोल असू शकतो याचा दाखला म्हणून मला तर ही तीन अक्षरेच पुरेशी वाटतात. ज्या ग्रंथाचे नावही घरात कोणी ऐकलेले नाही, तो त्या घराच्या उताऱ्यावर बसलेला असतो.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात, म्हणजे न्यायनिवाड्याच्या भागात, वडिलांच्या पश्चात भाऊ वाटणी करतात तेव्हाचा नियम आहे : ‘भगिन्यश्च निजादंशाद्दत्त्वांशं तु तुरीयकम्’, म्हणजे ज्या बहिणींचे लग्न व्हायचे आहे त्यांना चौथा अंश देऊन त्यांचे संस्कार भावांनी करावेत. या ओळीचा अर्थ काय लावायचा, यावर जुन्या टीकाकारांत वाद होता. एक पक्ष म्हणत होता की चौथा अंश ही नुसती बोलण्याची रीत आहे, खरा अर्थ लग्नाला लागेल तेवढे द्रव्य द्यावे इतकाच. म्हणजे आपल्या मसुद्यातले वाक्य नऊशे वर्षांपूर्वीही कोणीतरी लिहू पाहत होता. विज्ञानेश्वराने तो पक्ष समोर ठेवून खोडून काढला. त्याचा युक्तिवाद वकिलाला आवडेल असा आहे. मनूने याच चौथ्या भागाबद्दल सांगताना ‘पतिताः स्युरदित्सवः’ असे म्हटले आहे, म्हणजे जे भाऊ तो भाग देऊ इच्छित नाहीत ते पतित होतात. न दिल्याने जर दोष लागत असेल, तर देणे ही भावाची मेहरबानी असू शकत नाही. म्हणून वडिलांच्या पश्चात अविवाहित मुलगी ही अंशाची मानकरी आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

तो तेवढ्यावर थांबला नाही, त्याने हिशेबही करून दाखवला. दोन भाऊ आणि एक बहीण असेल तर मिळकतीचे आधी तीन भाग करावेत, त्यातल्या एका भागाचे चार करावेत, त्यातला एक बहिणीला द्यावा आणि उरलेले सगळे दोघा भावांनी वाटून घ्यावे. म्हणजे बारावा हिस्सा. नऊ एकरांचे तीनशे साठ गुंठे होतात. त्याचा बारावा हिस्सा तीस गुंठे. वडील वारले तेव्हा माझ्यासमोरच्या त्या बाईंचे लग्न झालेले नव्हते. शास्त्राने त्यांना तीस गुंठे दिले असते, आणि लग्नाच्या खर्चाच्या नावाखाली ते बुडवू नका असे स्पष्ट बजावलेही असते.

माझ्या या लिहिण्याचा कोणी विपरीत अर्थ काढू नये. हे ग्रंथ न्याय्य होते असे मला म्हणायचे नाही आणि तसे मी कधी म्हणणारही नाही. ज्या याज्ञवल्क्याने बहिणीला पाव हिस्सा दिला, त्यानेच पुढच्या श्लोकात ब्राह्मण बापाच्या मुलांना त्यांच्या आईच्या वर्णाप्रमाणे चार, तीन, दोन आणि एक असे उतरते भाग दिले. बहिणीचा चौथा अंशही तिच्याच वर्णाच्या भावाच्या हिश्शावर मोजायचा. मनूने तर बायको, मुलगा आणि दास या तिघांना धनच नसते असे लिहून ठेवले आणि द्विजाला कठोर शब्दांत बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटण्याची शिक्षा सांगितली. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अंगावर हे नियम वळ उठवत गेले त्यांनी केले, आणि त्या कृतीचे समर्थन करायला मला कोणत्याही टीकाग्रंथाची गरज वाटत नाही. पाव हिस्सा हाही अन्यायच आहे. एकाच आईच्या पोटच्या मुलीची किंमत मुलाच्या चौथाईने मोजणे ही गोष्ट कोणत्याही काळाच्या तराजूत बरोबर ठरत नाही.

मला खुपते ते वेगळेच. या संहितेतला अन्याय आपण जसाच्या तसा सांभाळला आणि तिच्यात जो थोडाफार न्याय होता तो मात्र वाटेत सांडून दिला. हे कसे झाले ते सांगायला हवे, कारण त्यात आपल्या व्यवसायाचा हात आहे.

लिहिलेल्या कायद्याचा मोठा गुण असा सांगितला जातो की तो सर्वांसमोर असतो, दुबळ्यालाही त्याच्यावर बोट ठेवता येते. पण बोट ठेवायला वाचता यावे लागते. ज्यांना या ग्रंथांची सर्वांत जास्त गरज पडली असती, त्या बायकांना आणि शूद्रांना संस्कृत शिकण्याची वाटच बंद होती. त्यामुळे ग्रंथात काय आहे हे वाचणारा सांगेल तेच खरे. आधी हे काम गावोगावच्या शास्त्र्यांकडे होते. 1772 मध्ये बंगालचा इंग्रज गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याने तिथे हिंदूंचे वारसा आणि लग्नाचे तंटे शास्त्राप्रमाणे सोडवण्याचे ठरवले, तेव्हा शास्त्री-पंडितांना न्यायालयात जागा मिळाली. 1810 मध्ये कोलब्रूक या इंग्रज अधिकाऱ्याने मिताक्षरेच्या दायविभागाचे, म्हणजे वारसा-वाटणीच्या भागाचे, इंग्रजी भाषांतर छापले आणि मग साहेबाला ग्रंथ स्वतः वाचता येऊ लागला. 1864 मध्ये न्यायालयातली शास्त्र्यांची पदे बंद झाली.

मुंबई इलाखा यात थोडा वेगळा होता, आणि हे मी अभिमानाने सांगते. इथला गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या 1827 च्या नियमावलीत ग्रंथाच्या आधी देशरिवाज पाहावा असे होते. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूख या ग्रंथाला मान होता. नीलकंठ काशीचा पंडित, पण त्याचे घराणे मूळ पैठणचे. त्याने बहिणीला वारसांच्या क्रमात वरची जागा दिली. मुलीला वारसाने मिळालेली जमीन देशाच्या इतर भागांत तिच्या हयातीपुरतीच तिची मानत, मुंबई इलाख्यात मात्र ती तिच्या पूर्ण मालकीची धरली जाई. आईलाही मुलांच्या वाटणीत मुलाइतका भाग आपल्याकडे मिळत राहिला, जो मद्रासकडे वापरातून गेला म्हणून नाकारला गेला.

बहिणीचा चौथा अंश मात्र कोणीच वाचवला नाही. तो व्यवहारातून गेला आहे असे इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने धरले आणि तिच्याकडे उरले ते लग्न होईपर्यंत पोषण आणि लग्नाचा खर्च. नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने जो पक्ष खोडून काढला होता, तोच असा मागच्या दाराने येऊन कायदा झाला. जन्मसिद्ध हक्काचा श्लोक, जो मुलग्यांच्या कामाचा होता, त्याचे एक अक्षरही कोणी जुने ठरवले नाही. वापरात नाही म्हणून नियम मोडीत काढायचा, आणि तो वापरात राहू नये याची काळजी ज्यांनी घेतली त्यांनाच त्याचा लाभ द्यायचा, याला मी तरी न्याय म्हणू शकत नाही.

पुढचा इतिहास आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. हिंदू संहिता विधेयक रखडवले गेले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. 1956 च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वारस केले, पण जन्मसिद्ध हक्क मुलग्यांपुरताच ठेवला. त्या बाईंच्या कुटुंबाला तो हिशेब लावला तर आधी बाप आणि दोन मुलगे यांचे तीन-तीन एकर, मग बापाच्या तीन एकरांत तिघांचा एकेक एकर. म्हणजे भावांना चार-चार, बहिणीला एक. 1994 मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, त्या बाबतीत आपले राज्य केंद्राच्या अकरा वर्षे पुढे होते, पण तेव्हा ज्यांची लग्ने झालेली होती त्यांना वगळले. या बाईंचे लग्न दोनच वर्षे आधी झालेले. अखेर 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्माने सहहिस्सेदार झाली, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही हेही ठरले. नऊ एकरांत तीन एकर.

या दुरुस्तीत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. मिताक्षरेची चौकट कायद्याने मोडून फेकली नाही. ‘पितुः पुत्रस्य’ या दोन शब्दांशेजारी ‘दुहितुः’, म्हणजे मुलीची, हा तिसरा शब्द लिहिला. प्रभाव असाही असतो. आणि तो अजून संपलेला नाही, कारण 2022 च्या जानेवारीत 1949 साली वारलेल्या एका बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायाधीशांनी पुन्हा स्मृती आणि मिताक्षरा उघडून मुलीचा वारसा त्या जुन्या कायद्यातही होता असे सांगितले. न्यायालय ग्रंथ उघडते. आपण मात्र जुना मसुदा उघडतो, नाव आणि गट नंबर बदलतो आणि छापतो.

शून्य, तीस गुंठे, एक एकर, तीन एकर. त्या दिवशी माझ्या दस्ताने त्या बाईंना यांतले शून्य दिले, आणि तेही ‘हिस्सा पोहोचला आहे’ असे लिहून. माझ्या पदवीवर विधी हा शब्द आहे, आणि मी एका स्त्रीला बाराव्या शतकातल्या संहितेपेक्षाही कमी देणारा कागद लिहिला.

भावांची बाजू मला कळत नाही असे समजू नका. त्या दोघांनी पोरक्या बहिणीला वाढवले, तिचे लग्न केले, पहिली बाळंतपणे केली, सोसायटीचे कर्ज फेडले. हे सगळे खरे आहे आणि त्याची किंमत पैशांत होत नाही. पुष्कळ बहिणी खरोखर मनापासून हक्क सोडतात. माहेरची वाट उघडी राहावी ही त्यांची इच्छा आहे आणि ती त्यांची आहे, तिला नावे ठेवणारी मी कोण? पण मनापासून सोडायचे तर काय सोडतो आहोत हे आधी कळावे लागते. आणि बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटते, ही जी धास्ती गावोगाव आहे, तिच्यापुढे ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे आपले शब्द किती टिकतात, याचा आपणच विचार करावा.

म्हणून माझे मागणे आहे ते नव्या कायद्याचे नाही. आपल्या मसुद्यातून लग्नखर्चाचे ते वाक्य आजपासून काढून टाकावे. हिस्सा पोहोचला असेल तर किती, केव्हा आणि कोणत्या रूपाने ते लिहावे. पोहोचला नसेल तर तसे खोटे लिहू नये. बहिणीचा हिस्सा किती एकर, किती गुंठे होतो आणि शासकीय मूल्यदराने त्याची किंमत काय येते, हे आकडे दस्ताच्या पहिल्या पानावर यावेत, कारण ‘सर्व हक्क, हितसंबंध’ या शब्दांनी डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही, पण ‘तीन एकर’ म्हटले की बांधावरचे आंब्याचे झाड दिसते. दस्त वाचून दाखवताना भावांना अर्धा तास बाहेर बसवावे. बहिणीचे नाव उताऱ्यावर राहू देऊन कसणे भावांकडे ठेवता येते, हा मार्गही तिला सांगावा. बहुतेक बायकांना तो माहीतच नसतो. आणि दहाव्या-तेराव्याला घरात माणसे जमली आहेत म्हणून तिथेच सह्या उरकण्याची जी पद्धत पडली आहे, तिला आपण तरी हातभार लावू नये. बाप जाऊन बारा दिवस झालेल्या मुलीच्या सहीला स्वखुशी म्हणणे मला आता जमत नाही.

यामुळे काही पक्षकार आपल्याकडून उठून शेजारच्या टेबलावर जातील, हे मी अनुभवाने सांगते. म्हणूनच हे पत्र मी एकाला न लिहिता सर्वांना लिहिते आहे. शेजारच्या टेबलावरही तोच मसुदा मिळाला, तर जायला जागा उरणार नाही.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना द्यायचे राहिले होते. भाऊबीजेच्या आधी त्यांच्या गावी जाऊन दिले. याज्ञवल्क्याची ती ओळ मी म्हटली, अर्थ सांगितला, तीस गुंठ्यांचा हिशेब अंगणात काडीने रेघा ओढून दाखवला. त्यांनी तो दोनदा करायला लावला. मग इतकेच म्हणाल्या, “आदी का नाय सांगितलं?”

बदललेल्या मसुद्याच्या प्रती मी आमच्या बार रूममध्ये ठेवल्या आहेत. त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, कमीजास्त करावे, आणि तो वापरावा.

आपली,
तालुका न्यायालयात वकिली करणारी एक सहकारी